जुने लाकूड, जुना सोबती

जुने सागवानी फडताळ, शिसवी दिवाण, वेताची आरामखुर्ची यांना गेल्या काही वर्षांत घराघरांत पुन्हा मानाची जागा मिळू लागली आहे. वाडे पाडले जातात, वारस शहरांत स्थिरावतात आणि तीन-तीन पिढ्यांनी वापरलेले सामान बाजारात येते. मुंबईचा चोरबाजार, जोगेश्वरीजवळच्या ओशिवऱ्यातील जुन्या फर्निचरची दुकाने, पुण्याचा जुना बाजार आणि गावोगावच्या लाकडाच्या वखारी येथे असे सामान धुंडाळणारी कुटुंबे दिसतात. कडा झिजलेले, रंग काळवंडलेले लाकूड हौसेने घरी येते आणि त्याच्या प्रत्येक खुणेचे कौतुक होते.

अशाच घरांत कधीकधी आणखी कोणीतरी जुने होत असते. दहा-बारा वर्षांपूर्वी पिल्लू म्हणून आलेल्या कुत्र्याच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे होतात, डोळ्यांवर निळसर झाक येते, जिना चढताना तो थबकतो. लाकडाच्या वयाचे ज्या घरात कौतुक, त्याच घरात या वयाची मात्र अडचण वाटू लागते. फडताळाचे पॉलिश जपायचे की म्हाताऱ्या कुत्र्याची वाटी भरलेली ठेवायची, असा प्रश्न एखाद्या दिवशी खरोखरच उभा राहतो.

पुरातून उरलेले फडताळ

सांगलीच्या गावभागातील एका कुटुंबाला जुन्या लाकडाची ओढ लागली ती कृष्णेच्या पुरामुळे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यांच्या तळमजल्यात कितीतरी दिवस पाणी होते. पाणी ओसरल्यावर घर उघडले, तेव्हा दहा वर्षांपूर्वी हप्त्यांनी घेतलेली भुश्याच्या फळ्यांची कपाटे फुगून उकललेली होती. हात लावताच त्यांचा लगदा होत होता. आजोबांच्या काळचे सागवानी फडताळ मात्र चिखलाने माखून उभे होते. त्याचे सांधे सुटले होते, लाकूड शाबूत होते.

यात चमत्कार काही नव्हता. लाकडाचा भुसा डिंकात दाबून केलेली फळी पाणी पिते, फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. जुने पक्के सागवान तेलकट असते. त्याच्या गाभ्याच्या लाकडाला पाणी आणि वाळवी दोन्ही सहजासहजी लागत नाहीत. सांधे सुटले त्याचेही कारण साधे होते. जुने सुतार जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस वापरीत आणि सरस पाण्याने विरघळतो. हा दोष वाटतो, पण दुरुस्तीच्या दृष्टीने तो गुण आहे. सांधा न मोडता सुटतो आणि पुन्हा जोडता येतो. आज सुतार बहुधा फेव्हिकॉलसारखा कृत्रिम पांढरा गोंद वापरतात. फेव्हिकॉल बाजारात आला १९५९ साली. त्यानंतर सरसाची शिजवणी, तिचा वास आणि त्यामागची हिंसा सुतारकामातून हळूहळू मागे पडत गेली.

त्या कुटुंबाने फडताळावरचा चिखल वाळण्यापूर्वीच स्वच्छ पाण्याने धुतला. फळ्या सुट्या करून, मध्ये पट्ट्या घालून त्या सावलीत कित्येक आठवडे वाळू दिल्या. उन्हात ठेवल्या असत्या, तर त्या तडकल्या असत्या. दिवाळीनंतर सुताराने सांधे बसवले आणि फडताळ पुन्हा भिंतीला लागले. त्या वर्षी घरातील अण्णांनी ठरवले की यापुढे भुश्याच्या फळीचे कपाट घरात येणार नाही. पाडल्या जाणाऱ्या वाड्यांतून, वखारींतून एकेक वस्तू येऊ लागली. आधी एक शिसवी दिवाण आला, मग वेताची आरामखुर्ची, मग पितळी कड्यांचा एक पेटारा.

घेताना काय पाहावे

जुने म्हणून जे विकले जाते ते सारे जुने नसते. नव्या लाकडाला काळा रंग देऊन, साखळीने ठोके मारून त्याला वय चढवण्याची कला बाजारात चांगलीच अवगत आहे. म्हणून वस्तूचा दर्शनी भाग सोडून तिची पाठ पाहावी. खण पूर्ण बाहेर काढून उलटा करावा. जुन्या खणाच्या तळाला पॉलिश नसते. तो हवेने काळपट झालेला असतो आणि जिथे तो रोज सरकला, तिथेच झिजलेला असतो. गोल मेज खरोखर जुने असेल, तर मोजपट्टीने ते तंतोतंत गोल भरत नाही. कारण लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने अधिक आकसते.

लाकडाला बारीक छिद्रे दिसली, तरी घाबरून जाऊ नये. वस्तू पांढऱ्या कागदावर दोन-तीन दिवस ठेवावी. कागदावर ताजी पिठासारखी भुकटी पडली, तर आत कीड जिवंत आहे. अशी वस्तू घरी आणली, की पुढे औषध मारावे लागते आणि जीवहत्या ओढवते. ती न घेणे हाच सोपा मार्ग. घरातील लाकूड कोरडे, भिंतीपासून थोडे अलग आणि हवेशीर ठेवले, तर कीड लागण्याची वेळ सहसा येत नाही.

अहिंसेचा विचार करणाऱ्या घराने आणखी काही गोष्टी विचाराव्यात. खुर्चीची बैठक चामड्याची आहे का? गादीत घोड्याचे केस भरले आहेत का? जडावकाम हस्तिदंताचे किंवा शिंपल्याचे आहे का? हस्तिदंताचा व्यापार तर वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. पॉलिशबद्दलही विचारावे. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, आणि लाख हा लाखेच्या किड्यांनी फांद्यांवर सोडलेला राळेसारखा पदार्थ. तो खरवडताना असंख्य किडे मरतात. ज्यांना ते नको, त्यांनी सुताराला जवसाचे तेल लावण्यास सांगावे. ते सावकाश मुरते, चकाकी कमी देते, पण लाकडाचा मूळ रंग खुलवते. तेलाने भिजलेली फडकी मात्र बोळा करून ठेवू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघडी पसरून वाळवावीत.

मोतीचे म्हातारपण

या घरात मोती नावाचा एक गावठी कुत्रा आहे. पूर आला तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा होता आणि घरच्यांबरोबर त्याने गच्चीवरच्या खोलीत दिवस काढले होते. आता त्याला तेरावे-चौदावे वर्ष आहे. आरामखुर्चीखालची जागा त्याने पहिल्याच दिवशी आपली मानली. दुपारी अण्णा खुर्चीत आणि मोती खाली, हा क्रम वर्षानुवर्षे चालला.

गेल्या पावसाळ्यात एक दिवस दिवाणाच्या पायाशी ओल दिसली. मग फडताळाच्या पायाशी. मोती घरात लघवी करू लागला होता. नुकत्याच हौसेने करून घेतलेल्या पॉलिशवर पांढरे डाग उठले, कारण लाखेचे पॉलिश पाण्याला आणि क्षाराला टिकत नाही. अण्णांनी त्याला मागच्या अंगणात साखळीने बांधायला सुरुवात केली. संध्याकाळनंतर त्याच्यासमोरची पाण्याची वाटी उचलली जाऊ लागली. पाणी कमी तर घाण कमी, असा हिशेब होता. मोती रात्री कण्हत असे, पहाटे धडपडत मोरीपाशी जाऊन तिथले साचलेले पाणी चाटीत असे.

धाकट्या सुनेला ते पाहवले नाही. "अण्णा, तो खोड काढत नाहीये. त्याला काहीतरी होतंय. आधी दाखवून आणू या," एवढेच ती म्हणाली. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी रिक्षा बोलावली ती मात्र त्यांनीच.

तपासणीत दिसले की मोतीची मूत्रपिंडे थकली आहेत. अशा कुत्र्याला खूप तहान लागते, कारण शरीर पाणी धरून ठेवू शकत नाही. म्हणून तो जास्त पितो आणि जास्त वेळा लघवी करतो. पाणी तोडले, तरी लघवी थांबत नाही; शरीर मात्र सुकत जाते आणि मूत्रपिंडे आणखी खालावतात. म्हणजे घर स्वच्छ राहावे म्हणून जो उपाय चालला होता, तोच त्याला झपाट्याने शेवटाकडे नेत होता. जास्त तहान आणि जास्त लघवी हे मधुमेहाचेही लक्षण असू शकते. म्हणून वय झाले असे म्हणून ते सोडून देऊ नये.

डॉक्टरांनी आणखी एक प्रश्न विचारला. "घरात बेदाणे असतात का?" सांगलीत बेदाणे नसलेले घर विरळाच. नात रोज शाळेतून आली, की मूठभर बेदाणे खाताना दोन-चार मोतीला देत असे. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. मोतीचा आजार त्यामुळेच झाला असे डॉक्टर म्हणाले नाहीत. ते आजपासून बंद, एवढेच म्हणाले. कांदा, लसूण आणि चॉकलेट हेही कुत्र्यांसाठी विषारी आहेत. कांदा-लसूण ज्या स्वयंपाकघरात वर्ज्य आहेत, तिथे निदान त्या दोहोंची भीती नाही.

बांधणे आणि पाणी तोडणे

श्रावकाच्या आचाराचे विवेचन करणाऱ्या ग्रंथांत अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. जीवाला बांधून ठेवणे, मारणे, त्याचे अवयव छेदणे, पेलवणार नाही इतके ओझे लादणे आणि त्याचे अन्नपाणी रोखणे. हे अतिचार लहानपणापासून पाठशाळेत पाठ केलेले असतात. ते पाठ करताना डोळ्यांपुढे बैल, घोडा असे कामाचे प्राणी येतात, म्हणून ते आपल्याला लागू नाहीत असे शहरी गृहस्थाला वाटते. परंतु बैल-घोडे घरांतून गेले तरी अतिचार गेले नाहीत. अंगणातली साखळी आणि संध्याकाळी उचललेली पाण्याची वाटी यांत पहिला आणि पाचवा अतिचार पूर्ण होतो. हातून कोणाला मारले जात नाही, म्हणून तो लक्षात येत नाही.

देशाचा कायदाही इथे नेमका हेच बोलतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात प्राण्याला अवाजवी काळ आखूड किंवा जड साखळीने बांधणे, मालकाने त्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, आणि तहानभुकेने त्याचे हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणे हे गुन्हे ठरवले आहेत. म्हातारा कुत्रा दूरच्या वस्तीवर नेऊन सोडणारे लोक त्याला मुक्त केले असे म्हणतात. कायदा त्याला गुन्हा म्हणतो.

या प्रश्नाशी समाजाचे नाते जुने आहे. १८३२ साली मुंबईत रस्त्यावरची कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभी राहिली. पांजरपोळीला देणगी देण्याची परंपरा जैन घरांत आजही टिकून आहे. पण ज्याला घर आहे, त्याची पांजरपोळ ते घरच असते.

घर त्याच्या वयाला जुळवताना

मोतीसाठी जे बदल झाले, ते खर्चाचे नव्हते. गुळगुळीत फरशीवर त्याचे मागचे पाय घसरत. खुर्चीपासून दारापर्यंत आणि दारापासून अंगणापर्यंत जाड सतरंज्या घातल्या गेल्या. त्यांच्याखाली न सरकणारे रबरी कापड आले. उंबऱ्याशी जुन्या वाड्यातून आलेल्या एका रुंद फळीचा उतार केला. पेटाऱ्यातून निघालेला एक लाकडी पाट पाण्याच्या वाटीखाली गेला, कारण सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला मान खूप वाकवावी लागू नये. दिवाणाच्या आणि फडताळाच्या पायांखाली पितळी वाट्या बसवल्या. ओल झालीच, तर ती लगेच साध्या ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसायची. फिनेल बंद झाले. ते चाटले गेले, तर जनावराला बाधते. पेटाऱ्यातल्या डांबरगोळ्याही गेल्या, त्याच कारणाने. त्यांच्या जागी कडुलिंबाचा वाळलेला पाला आला.

म्हाताऱ्या कुत्र्याची नजर मंदावली, की तो घर वासाने आणि स्पर्शाने ओळखतो. फडताळ कुठे आहे, खुर्चीचा पाय कुठे, हे त्याला पाठ असते. म्हणून सामान वारंवार हलवू नये. डोळ्यांवरची निळसर झाक बहुधा वयाची असते आणि तिने दृष्टी फारशी जात नाही. पांढरा मोतीबिंदू निराळा. तो पारखणे डॉक्टरांचे काम. काही कुत्र्यांचे वयोमानाने भान हरपू लागते. ते दिवसा झोपतात, रात्री फिरतात, फडताळ आणि भिंत यांच्या सापटीत शिरून अडकतात आणि मागे सरकून बाहेर यावे हे त्यांना सुचत नाही. लाकूड भिंतीपासून अलग तर हवे, पण कुत्रा शिरेल एवढी सापट नको. सापटीच्या तोंडाशी एक फळी उभी केली, की दोन्ही साधते. रात्री मंद दिवा ठेवावा. टोकदार कोपऱ्यांना कापड गुंडाळावे, मग ते शोभले नाही तरी चालेल.

माणसाच्या वेदनाशामक गोळ्या मात्र मनाने कधीही देऊ नयेत. घरात सहज सापडणारी आयबुप्रोफेनची गोळी कुत्र्याला मारू शकते, पॅरासिटामॉल मांजराला. सांधेदुखीवर कुत्र्यांसाठीची स्वतंत्र औषधे मिळतात. मूत्रपिंडांचा आजार असेल, तर त्यांतलीही सगळी चालत नाहीत. म्हाताऱ्या प्राण्याला वर्षातून दोनदा तरी तपासून घ्यावे. आहारही डॉक्टरांना विचारूनच बदलावा. नखे लवकर वाढतात आणि चालणे बिघडवतात, ती कापावीत. नवीन सामानाला पॉलिश किंवा रंग लावायचा असेल, तर प्राण्याला त्या खोलीपासून वास जाईपर्यंत दूर ठेवावे. जुना रंग घासून काढताना उडणाऱ्या धुळीत शिसे असू शकते. ती लहान मुलांना आणि प्राण्यांना सारखीच घातक आहे.

एक बोलणे अवघड असते, तेही घरात वेळेवर व्हायला हवे. शेवट जवळ आल्यावर काय करायचे? दयामरणाला अनेक जैन कुटुंबांचे मन धजत नाही. इतर कुटुंबे असह्य वेदनेत तोच मार्ग दयेचा मानतात. निर्णय कोणताही असो, वेदना कमी करण्याचे उपाय शेवटपर्यंत चालू राहिले पाहिजेत. नैसर्गिक मरण याचा अर्थ उपचाराविना मरण असा नव्हे. डॉक्टरांशी हे बोलणे जनावर चालते-फिरते असतानाच करावे, म्हणजे मध्यरात्री घाबरून काही ठरवावे लागत नाही.

परिग्रह कोणता, सोबत कोणती

जुने लाकूड घेण्यात एक समाधान असते, की नवे झाड पडले नाही. ते समाधान खरे आहे. पण पाचवी आरामखुर्ची जुनी असली, तरी पाचवीच असते. परिग्रह वस्तूच्या वयावर ठरत नाही; तो तिच्याविषयीच्या आसक्तीवर ठरतो. कसोटी सोपी आहे. वस्तूला डाग पडला म्हणून घरातल्या जिवावर राग निघत असेल, तर वस्तूने घराचा ताबा घेतला आहे. वस्तूने वापरात यावे, झिजावे, डागळावे आणि तरी उपयोगी पडावे, हेच तिचे काम. शंभर वर्षे टिकलेल्या त्या फडताळाने लोणच्याच्या बरण्यांचे तेल, मुलांच्या नखांचे ओरखडे आणि कृष्णेचा चिखल सोसला आहे. लघवीचा डाग त्याला नवा नाही.

दिवाणाचे पॉलिश सुताराने पुन्हा करून देण्याची तयारी दाखवली, तेव्हा अण्णांनी त्याला पुढच्या वर्षी या असे सांगितले. आता दिवाणाला नुसते जवसाचे तेल लागते आणि डाग तसाच आहे. मोतीची वाटी दिवसातून चार-पाच वेळा भरली जाते. ती कोणी भरायची याचा क्रम ठरला आहे. रात्रीची पाळी अण्णांची. ते उठतात, दार उघडतात, मोती फळीच्या उतारावरून सावकाश अंगणात जातो आणि परत येईपर्यंत ते तिथे उभे राहतात. डॉक्टरांच्या मते त्याच्याजवळ काही महिने असतील, कदाचित थोडे अधिक.

लाकडाला घाई नसते. त्याचा सांधा या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी बसवता येतो. पॉलिश उडाले, तर पुन्हा देता येते. कुशल हात असला, तर शतकापूर्वीची वस्तू पुन्हा उभी राहते. थकलेल्या जिवाचे तसे नसते. त्याला पूर्ववत करता येत नाही. त्याला फक्त पाणी, मऊ जागा, वेदनेवर औषध आणि ओळखीचा आवाज देता येतो, आणि तेही थोड्याच दिवसांत देता येते. ज्या घरात दोन्ही असतील, त्या घराने आधी कोणाकडे पाहायचे हे एवढ्यावरूनच ठरावे.